मंदाकिनीचा कौल

'सासर सातासमुद्रापार' ही मालिका एका मंगळवारी बंद पडली, तेव्हा मंदाकिनी सासर सोडून तिकडच्या, परदेशातल्या विमानतळावर उभी होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात सासऱ्यांच्या गोळ्यांची डबी आणि समोर विमानाकडे जाणारं काचेचं दार. बुधवारी त्याच वेळेला वाहिनीने कोणा बाईंना बसवून भजी तळायला घेतली. गुरुवारीही भजीच. शुक्रवारी पडद्याच्या तळाशी एक ओळ सरकत गेली की मालिका काही अपरिहार्य कारणास्तव स्थगित करण्यात येत आहे, आणि रत्नागिरीत नाचणे रस्त्यावरच्या 'शुभदा सहनिवास'मध्ये त्या रात्री बऱ्याच घरांतली आमटी खारट झाली.

वैदेही आगाशेला या मालिकेचं सोयरसुतक नव्हतं. ती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे, आणि मालिकेतल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजायचा पट्टा पेशंटच्या मनगटाला बांधला त्या दिवशी तिने मंदाकिनीचा निरोप घेतला होता. तरी मालिका बंद पडल्याची झळ सगळ्यांत जास्त तिलाच लागली. कारण तिच्या घरात सासूबाई होत्या आणि समोरच्या घरात मथुराकाकू.

उमाताई, म्हणजे सासूबाई, थोरल्या, मथुराकाकू धाकट्या. सख्ख्या जावा. जुनं घर बिल्डरला दिलं तेव्हा दोन्ही भावांना पहिल्या मजल्यावर समोरासमोर जागा मिळाल्या आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका मे महिन्यात गच्चीवर दोघींच्या आंबापोळीची ताटं वाळत असताना वानरं आली. उमाताई काठी घेऊन धावल्या आणि दोन हातांत दोन ताटं घेऊन खाली आल्या. ती दोन्ही त्यांची स्वतःची निघाली. उरलेली दोन वानरांनी टाकीवर बसून निवांत संपवली. मथुराकाकूंचं म्हणणं एवढंच होतं की देवाने माणसाला दोन हात दिले, त्यातला एक जावेसाठी असतो. उमाताईंचं म्हणणं, वानर अंगावर आल्यावर ताटाखालचं नाव वाचत बसायचं का? त्यावर, नाव खाली नाही, काठावर कोरलेलं होतं, हे काकूंनी लक्षात आणून दिलं. तेव्हापासून सात वर्षं दोघींचं बोलणं बंद.

पण बंद म्हणजे अगदीच बंद नव्हतं. संध्याकाळी साडेसातला दोन्ही घरांची दारं उघडी राहत आणि दोन्हीकडे मंदाकिनी सुरू होई. उमाताई आपल्या टीव्हीला सांगत की या बाईने काल सासऱ्यांना गोळ्या दिल्याच नाहीत. समोरून मथुराकाकू आपल्या टीव्हीला ठणकावत की दिल्या, जाहिराती चालू असताना. मंदाकिनीच्या निमित्ताने भाज्यांचे भाव, कोणाचं बाळंतपण, गुडघ्याला कोणतं तेल, सगळं या दारातून त्या दारात पोचत असे. दोन टीव्हींच्या मध्यस्थीवर एक घराणं टिकून होतं. मालिका गेली आणि मध्यस्थ गेले. उमाताई आता साडेसातला दार लोटून घेत आणि अर्धी पोळी ताटात ठेवून उठत. समोरचं दारही लोटलेलं असे. एवढ्याशा जिन्यात ती दोन बंद दारं ओलांडून जाताना वैदेहीला उगाचच चप्पल हलकी टाकावीशी वाटायची.

उपाय सापडला तो मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत. प्रात्यक्षिकांचा नवा अभ्यासक्रम शोधता शोधता वैदेही भलत्याच पानावर गेली. तिथे परदेशातले काही लोक आपल्या आवडत्या मालिकेची पुढची गोष्ट स्वतःच लिहीत होते. प्रत्येक भागाच्या शेवटी दोन वाटा ठेवायच्या, वाचकांनी एक निवडायची, आणि लेखकाने मुकाट्याने त्या वाटेने जायचं. ही पद्धत वैदेहीला फार आवडली. प्रयोगच होता तो. तिने घरी येऊन आलेखाच्या कागदावर मंदाकिनीच्या भवितव्याची झाडासारखी आकृती काढली. एका फांदीवर पासपोर्टची चोरी होती, एकीवर जुळी बहीण, आणि अगदी शेंड्याला एक खून होता. नवऱ्याने, देवदत्तने, ती आकृती बघून हे कशाचं रेणुसूत्र, असं विचारलं. वैदेहीने आणखी एक फांदी काढली. विज्ञानात उपहास सोसावाच लागतो.

पहिला भाग तिने घरच्या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप केला, फ्लॉपीवर घेतला आणि छापायला दुकानात दिला. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये तो फाँट नव्हता. कॉलेजच्या घाईत तिने गुंडाळी तशीच नेऊन सोसायटीच्या फलकावर टाचली. संध्याकाळी येऊन बघते तर पानभर नुसते चौकोन, बाण आणि डॉलरची चिन्हं. तळमजल्यावरच्या गोदाबाई सुर्वे फलकापुढे उभ्या होत्या. छान लिहिलंयस, म्हणाल्या, जरा अवघड आहे एवढंच. त्यानंतरचे सगळे भाग वैदेहीने हाताने लिहिले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी रावजी शिवलकर घरी आले. ते निवृत्त हेडक्लार्क होते, म्हणजे नोकरी सुटली होती, हेडक्लार्की सुटली नव्हती. फलकावर लागणाऱ्या कोणत्याही कागदाला सेक्रेटरीची सही, शिक्का आणि जावक क्रमांक लागतो, असं त्यांनी चहाच्या आधी सांगितलं. चहानंतर त्यांनी मंदाकिनीच्या पहिल्या भागावर शिक्का मारला आणि विषय म्हणून 'विमानतळावरील परिस्थितीबाबत' असं लिहिलं.

मतदानासाठी वैदेहीने फलकाखाली बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे ठेवले. विमानात बसावं असं वाटत असेल तर उजव्या डब्यात चिंचोका टाकायचा, परत फिरावं असं वाटत असेल तर डाव्या. सकाळी डावा डबा काठोकाठ भरून चिंचोके जमिनीवर सांडलेले होते. गोदाबाईंनी आपला वर्षाचा साठा आणून ओतला होता. त्यांना विचारल्यावर म्हणाल्या, मला तिच्याबद्दल फार वाटतं. रावजींनी तातडीने परिपत्रक काढलं : एक बिऱ्हाड, एक चिंचोका. मुंबईला राहणाऱ्यांची जी बिऱ्हाडं कुलूपबंद होती त्यांना फोनवरून विचारावं आणि त्यांच्या वतीने कुणीतरी टाकावा. पण वतीने टाकणाऱ्याने ते मत आपलंच आहे असं समजून जबाबदारीने टाकावं.

चिंचोके कमी झाले, पण निकाल तोच. मंदाकिनी विमानात बसली नाही. सासऱ्यांच्या गोळ्या हिच्याकडे, ते तिकडे काय करतील?

मग वैदेहीला वाचकांचं खरं स्वरूप कळत गेलं. दुसऱ्या भागात एका अनोळखी माणसाने मंदाकिनीच्या हातात बंद पाकीट दिलं. उघडावं की नाही? एकमताने नाही. दुसऱ्याचं पाकीट उघडू नये. ते पाकीट, ज्यात सगळी जुळी बहीण होती, शेवटपर्यंत मंदाकिनीच्या बॅगेत तसंच राहिलं. तिसऱ्या भागात तोच माणूस टॅक्सीतून जाताना दिसला. पाठलाग करावा की घरी जावं? इमारतीचं मत पडलं की घरी जावं आणि आधी जेवून घ्यावं. 'जेवावं' हा पर्याय मुळात दिलेलाच नव्हता. तो कुणीतरी डब्यावर पेन्सिलीने लिहिला होता. सबंध इमारत सुस्वभावी माणसांची होती आणि मंदाकिनीचं काही वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. वैदेहीच्या झाडाची एकेक फांदी अशी मायेने छाटली जात होती. शेंड्यावरचा खून तर वाऱ्यावरच राहिला.

सल्ले मात्र भरपूर येत होते. गोदाबाईंना मंदाकिनीने सोळा सोमवार धरावेत असं वाटे. तिसऱ्या मजल्यावरचे महिपत मयेकर आंब्याचे व्यापारी. त्यांचं म्हणणं, मंदाकिनीच्या बॅगेत पैसे असतील तर बाईने पावसाआधी कलमांची बाग खंडाने घ्यावी, नंतर पस्तावेल. रावजींना प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागील भागाचं इतिवृत्त वाचून कायम करून हवं होतं. रसायनशास्त्राच्या वर्गात वैदेही साठ मुलांना एका नजरेत गप्प बसवत असे. इथे जिन्यावरून भाजीची पिशवी घेऊन चढताना कुणीही तिला थांबवून कथानक सुधारत असे, आणि तिला फक्त 'बघते' म्हणता येई.

पण साडेसातला दारं उघडू लागली होती. उमाताई खाली जाऊन नवा भाग वाचून येत आणि बंद टीव्हीपुढे बसून त्याला सांगत की ही मंदाकिनी आता शहाणी झाली, उगाच रस्त्यात रडत नाही. समोरून मथुराकाकू आपल्या बंद टीव्हीला म्हणत, शहाणी कसली, लिहिणारीला रडणं जमत नाही. वैदेहीचा स्वाभिमान दुखावे, पण उमाताई पूर्ण पोळी खात होत्या. त्या भरात वैदेहीने आपल्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं.

वाचकांच्या आग्रहामुळे मंदाकिनी एव्हाना परदेश सोडून सासऱ्यांसह कोकणात येऊन राहिली होती. कुठेही गेली तरी जेवून घरी परतणाऱ्या बाईच्या गोष्टीत संघर्ष आणायचा तरी कुठून? वैदेहीने तिला समोरच्या घरात एक धाकटी जाऊ दिली. दोघींत कुकरच्या रबरावरून अबोला होता : पाहुणे आले त्या दिवशी मंदाकिनीने दोन्ही घरांच्या कुकरची रबरं आपल्याकडे ठेवून घेतली होती. वानरं नाहीत, आंबापोळी नाही, कुणाला शंका यायचं कारण नाही असं वैदेहीला वाटत होतं. भागाच्या शेवटी प्रश्न होता : थोरलीने आपणहून आधी बोलावं, की थांबावं?

त्या संध्याकाळी इमारतीत पाय वाजले नाहीत. लोक फलकाशी येत, वाचत, पहिल्या मजल्याकडे बघत आणि चवड्यांवर घरी जात. गोदाबाईंनी तिला जिन्यात गाठून नुसता दंड दाबला. उमाताई भाग वाचून वर आल्या, टीव्हीपुढे बसल्या, आणि त्याला काहीच म्हणाल्या नाहीत. समोरच्या टीव्हीलाही कुणी काही म्हटलं नाही. साडेसातला दोन्ही दारं बंद झाली. वैदेहीने देवदत्तला सांगितलं की तिने दोघींमधला शेवटचा धागाही तोडला असावा. देवदत्त म्हणाला, अजून मतदान व्हायचंय.

ते झालं, आणि चिंचोके निम्मे-निम्मे निघाले. उमाताईंनी घराचा चिंचोका सर्वांदेखत 'थांबावं'मध्ये टाकला होता. मथुराकाकूंनी 'आधी बोलावं'मध्ये टाकला आणि तो नीट तळाशी गेला का हे वाकून पाहिलं. उपविधीप्रमाणे समसमान मतं पडल्यास अध्यक्षांचं मत निर्णायक, असं रावजींनी सभेत वाचून दाखवलं. अध्यक्ष होते श्रीपतीकाका, मथुराकाकूंचे यजमान आणि उमाताईंचे धाकटे दीर. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला आईच्या जागी मानलेली वहिनी. काका उठून उभे राहिले, त्यांनी सर्वांकडे पाहिलं, आणि त्यांना चक्कर आली. सभा बरखास्त झाल्यावर ती गेली.

"देवालाच विचारूया," गोदाबाई म्हणाल्या.

कोकणात हा सल्ला नवा नाही. लग्न, विहीर, वाटणी, जिथे माणसांची अक्कल थकते तिथे ग्रामदेवतेला कौल लावतात. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. वैदेहीने सौम्यपणे हरकत घेतली की गोष्टीतल्या पात्राला कौल लावता येणार नाही. का, असं गोदाबाईंनी विचारलं, देवाला गोष्टी कळत नाहीत का? आगाशांचं मूळ गाव देवरूखच्या पुढे, आणि गणपती तोंडावर आलेले. त्याआधी निकाल लागावा असं सगळ्यांनाच वाटत होतं. रविवारी दोन सुमो ठरल्या. निकालाला जाताना लोकांनी लाडू, पोहे आणि ताडपत्री घेतली.

जागेच्या गोंधळात दोघी जावा एकाच सुमोत आल्या. मध्ये वैदेही. वाटेत उमाताई ड्रायव्हरला म्हणाल्या की घाटात काही जणांना मळमळतं, त्यांना खिडकी लागत असेल तर सांगावं. मथुराकाकू ड्रायव्हरला म्हणाल्या की काही जण स्वतःच्या तब्येतीकडे बघतील तर बरं. बिचारा ड्रायव्हर दोघींना 'हो' म्हणत गाडी हाकत होता. टीव्हीचं काम किती नाजूक होतं ते वैदेहीला तेव्हा कळलं.

देवळात भागोजी गुरव सोवळं नेसून तयार होता. रावजींनी त्याला सगळं प्रकरण जावक क्रमांकांसह सांगितलं. भागोजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आसामी कुठाय?"

ती हजर नाही, ती गोष्टीत आहे, असं वैदेहीने सांगितलं.

"गोष्टीत असू दे. देवाला ना नाय. पन देवानं सांगितला आनि ती ऐकली नाय, तर मी धरू कोनाला? तिच्या जाग्याला कोनतरी उभा ऱ्हायला हवा. जो उभा ऱ्हाईल, कौल त्याला लागू."

वैदेही पुढे झाली. भागोजीने मान हलवली; ही लिहिणारी, हिला काय, ही उद्या बदलून लिहील. रावजींना तत्काळ मुंबईच्या बिऱ्हाडांचं परिपत्रक आठवलं आणि ते म्हणाले की मुद्दा बरोबर आहे. पुढे यायला कुणी तयार होईना. महिपत मयेकर छताचे वासे मोजू लागले. तेवढ्यात मथुराकाकू देवळाच्या खांबाला म्हणाल्या, "येतंय कोण पुढे. एवढी छाती हवी ना."

उमाताईंनी पदर खोचला आणि पाषाणापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

भागोजीने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. सर्वांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. रावजींनी सर्वांत मोठ्याने. मग त्याने उमाताईंना प्रश्न विचारायला सांगितलं, आणि 'मंदाकिनी' नको, 'मी' म्हणा, असंही सांगितलं. उमाताईंचे ओठ हलले. पाकळ्या हलल्या नाहीत. वैदेहीला आल्याआल्याच कळलं होतं की श्रावणातल्या दमट हवेत ओली पाकळी सहजी सुटायची नाही. पण त्या क्षणी तिला पृष्ठताणाचं काही वाटेना. तिला सासूबाईंच्या मानेवरचा घाम दिसत होता. सात वर्षांत ज्या वाक्याच्या जवळूनही त्या गेल्या नव्हत्या ते आता देवासमोर, शेजाऱ्यांच्या देखत, त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं.

"देवाला समाजला नाय," भागोजी म्हणाला. "परत."

उमाताई पुन्हा पुटपुटल्या. काहीच नाही. तिसऱ्यांदा त्यांनी घसा साफ केला, आणि मागून आवाज आला :

"अहो वहिनी, जरा मोठ्यानं बोला. आम्हाला इथे ऐकू येत नाही, तर त्या दगडाच्या कानात काय जाणार?"

देवळात एवढी शांतता पडली की बाहेर ड्रायव्हर लाडू खात होता ते ऐकू आलं. उमाताई हळूहळू वळल्या.

"मोठ्यानेच बोलतेय मी. तुझेच कान गेलेत, मथुरे."

"माझे कान शाबूत आहेत. सात वर्षं समोरच्या दारातून तुमच्या टीव्हीचे उपदेश ऐकतेय."

"माझ्या टीव्हीचे? आणि तुझा काय मुका होता?"

इतक्यात डाव्या अंगाची पाकळी सुटली आणि अलगद खाली आली.

"डावा," भागोजी म्हणाला. "देव म्हनतो, हिनं आधी बोलायची गरज नाय."

मथुराकाकूंनी तोंडावर हात ठेवला. मग तो काढून त्या म्हणाल्या की आपण बोललो नाही, सूचना केली. सूचना बोलण्यात धरत नाहीत. त्यांनी आधारासाठी रावजींकडे पाहिलं. रावजींनी विचार करून सांगितलं की सूचनेलाही नोंद लागतेच. श्रीपतीकाकांना पुन्हा चक्कर आली, पण या वेळी ते हसत खाली बसले.

परतीच्या वाटेवर वैदेहीला मधली जागा सोडावी लागली. घाटभर जावा एकमेकींशी भांडत होत्या. कोरलेलं नाव काठावर होतं की खाली, वानरं किती होती, काठी कोणाची होती. सात वर्षांचा साठा होता, साखरप्याच्या अलीकडे संपण्यातला नव्हता. मध्येच उमाताई म्हणाल्या, "खिडकीशी बस, तुला मळमळतं," आणि मथुराकाकू भांडण न थांबवता खिडकीशी सरकल्या. ड्रायव्हर वैदेहीला हळूच म्हणाला, सुटलो.

शेवटचा भाग वैदेहीने एका बैठकीत लिहिला. धाकटी जाऊ दारातून म्हणते, मोठ्याने बोला, ऐकू येत नाही. त्यात दोन वाटा नव्हत्या. रावजींनी शिक्का मारून विषय लिहिला, 'कुकरच्या रबराबाबत अंतिम'. मथुराकाकूंनी लेखी हरकत नोंदवली की धाकटीने सूचना केली असं लिहावं. आणि गणपतीला पहिल्या मजल्यावर एकाच घरात सारण शिजलं; गूळ जास्त झाल्याबद्दल दोघींनी एकमेकींना जबाबदार धरलं.

दिवाळीनंतर वाहिनीने 'सासर सातासमुद्रापार' अचानक पुन्हा सुरू केली. साडेसातला मथुराकाकू उमाताईंच्या सोफ्यावर येऊन बसल्या. एका टीव्हीची वीज तरी वाचते, म्हणाल्या. विमानतळ आला, काचेचं दार आलं, आणि मंदाकिनी गोळ्यांची डबी कचऱ्याच्या टोपलीत टाकून ताडताड विमानात जाऊन बसली. मग उमाताईंनी उठून टीव्ही बंद केला.

"ही कोणीतरी भलतीच आहे," मथुराकाकू म्हणाल्या.

"आपली अशी नाही," उमाताई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वैदेहीकडे वळल्या. "तूच लिही गो पुढचं. आणि ते पाकीट आता उघडू दे तिला. पण आधी जेवू दे."